पौर्णिमेची भरती आणि रोहितांचे तळे

आमच्या शाळेत पौर्णिमेला सुट्टी असते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. सकाळी शुभ्र वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, वंदना, त्यानंतर खीर, आणि मग संध्याकाळच्या धम्मप्रवचनापर्यंत मोकळा दिवस. या मोकळ्या दिवसाचे काय करावे, याविषयी वसतिगृहात पिढ्यान्‌पिढ्या मतभेद आहेत. क्रिकेटचा पक्ष प्रबळ असतो, झोपेचा पक्षही दुबळा नसतो. तथापि वर्षातून एकदा, माघ पौर्णिमेला, वंदना पहाटेच उरकून आम्ही मुलांना घेऊन नवी मुंबईच्या खाडीकाठी रमतगमत फिरावयास जातो. घाई नाही, स्पर्धा नाही, परतल्यावर निबंध लिहावयाचा नाही. या फेरीत आम्ही काय पाहतो आणि ते तसे का घडते, एवढे या लेखात सांगावयाचे आहे. पालकांना मुलांबरोबर जाता यावे, हाही हेतू आहेच.

आमची पुष्कळशी मुले मराठवाड्यातून आणि विदर्भातून येतात. त्यांनी नदी पाहिलेली असते, पाटाचे पाणी पाहिलेले असते. परंतु दिवसातून दोनदा येणारे आणि दोनदा जाणारे पाणी पाहिलेले नसते. म्हणून आरंभ पक्ष्यांपासून न करता पाण्यापासून करावा लागतो.

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, पृथ्वी व चंद्र जवळजवळ एका ओळीत येतात, तेव्हा दोघांचा जोर एकत्र लागतो आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास हे जोर एकमेकांना काटकोनात पडतात, तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. त्याला कोळी बांधव भांग म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी पाच मीटरच्या आसपास चढते, म्हणजे दीड मजल्याएवढे. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असतो: त्या पक्षातील तिथीला पाऊणने गुणावे, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याचे हे व्यवहारी गणित. खाडीत आत शिरावयास पाण्याला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात अर्धा ते सव्वा तास पुढे धरावा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सहा-सातला खाडी रिकामी असते आणि दुपारी बाराच्या पुढे काठोकाठ भरलेली. आमच्या फेरीचे सारे वेळापत्रक या गणितावर बेतलेले आहे. उपोसथाचे दिवसही पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हेच. एकाच चंद्राकडे पाहून भिक्षूंनी आपले दिवस ठरविले आणि कोळ्यांनी आपले.

सकाळी आम्ही ऐरोली स्थानकावर उतरतो आणि दिव्याच्या बाजूने खाडीकडे चालू लागतो. राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. त्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून येथे आहे. केंद्रातून रोहित पक्षी दाखविणाऱ्या नौका सुटतात आणि त्यांच्या वेळा भरतीवर ठरतात. एवढ्या मुलांना नौकेत बसविणे आमच्या खिशाला झेपत नाही, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे. परंतु त्यामुळे आमचे काही अडले नाही. उलट, नौकेच्या घाईत जे दिसत नाही ते चिखलात दिसते.

ठाण्याची खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर लांब आहे. तिच्या ऐरोली आणि वाशी या दोन पुलांदरम्यानचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातील ८९६ हेक्टर खारफुटी आणि उरलेले पाणी व चिखल. मालवणनंतर राज्यातील हे दुसरे सागरी अभयारण्य. पुढे २०२२ मध्ये रामसर यादीतही खाडीची नोंद झाली. इराणमधील रामसर या गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला होता, त्यावरून हे नाव. आपल्या राज्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार या दोन जागा त्या यादीत आधीपासून होत्या. लोणार म्हटल्यावर बुलढाण्याकडच्या मुलांची मान जरा ताठ होते.

खारफुटीतून गेलेल्या पायवाटेवर पोहोचलो की मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: वास. हा वास घाणीचाच असतो असे नाही. चिखलाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तिथे पाने-काटक्या कुजविणारे सूक्ष्म जीव गंधकाचे वायू सोडतात, त्याचा तो वास. हवा नाही म्हणजे झाडांच्या मुळांना श्वास नाही. म्हणून येथले सर्वांत जास्त आढळणारे झाड, तिवर, आपली मुळे चिखलातून उलटी वर काढते. पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी ही शेकडो श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी उघडी दिसतात. खारट पाणी पिऊन जगणारे हे झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. तिवराच्या पानावर बोट फिरवून ते जिभेला लावावयास आम्ही मुलांना सांगतो. पहिला मुलगा तोंड वाकडे करतो, मग सर्वांनाच चव पाहावयाची असते. चिप्पीची मुळे जरा जाड, सुळक्यांसारखी. तिचे पांढऱ्या तंतूंचे फूल रात्री उमलते. ही पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, आणि असा वृक्ष ठरविणारे आपले राज्य देशात पहिले. ज्याच्यावरून कांदळवन हा शब्द आला तो कांदळ मात्र या खाडीत विरळाच. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लोंबत राहते. पडले की सरळ चिखलात रुतावे, अशी ती योजना.

पायवाटेखाली निवटे सरपटत असतात. मासा असून पाण्याबाहेर चिखलावर चालणारा, परांवर अंग उचलून उड्या मारणारा हा प्राणी पाहण्यात अर्धा तास सहज जातो, आणि आम्ही तो जाऊ देतो. शेजारी एकच नांगी वाजवीपेक्षा मोठी झालेले छोटे नर खेकडे ती नांगी सारखी वरखाली हलवीत असतात, जणू कोणाला बोलावीत आहेत; ते मादीलाच बोलावीत असतात. या चिखलावर आजूबाजूच्या कोळीवाड्यांचे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले आहे. चिंबोरी, कोळंबी, बोईट, निवटे ही येथली मिळकत. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. भातशेती आणि मिठागरे गेली. आगरी-कोळी गावे मात्र इमारतींच्या मधोमध अजून टिकून आहेत. शहराने खाडीला पाठ केली तेव्हाही त्यांनी केली नव्हती, हे मुलांना सांगणे आम्ही आमचे काम समजतो.

साडेदहाच्या सुमारास पायवाटेखालचे पाणी हलू लागते. प्रथम एखादी काडी उलट दिशेने वाहताना दिसते, मग श्वसनमुळे एकेक करून बुडतात, निवटे वर वर सरकतात. आता निघावयास हवे. आम्ही स्थानकावर परत येतो आणि पनवेलकडे जाणारी गाडी पकडून सीवूड्सला उतरतो. गाडीत डबे उघडले जातात; यावर नियंत्रण ठेवण्याचा प्रयत्न आम्ही केव्हाच सोडला.

येथून पुढची चाल नेरूळच्या पाणथळ जागांकडची. वाशीपासून बेलापूरपर्यंत गेलेल्या पाम बीच मार्गाच्या खाडीकडील बाजूस, उंच इमारतींच्या पायथ्याशी काही उथळ तळी आहेत. त्यातले एक, जवळच्या शाळेवरून डीपीएस तळे म्हणून ओळखले जाणारे, सुमारे तीस एकरांचे. माघातल्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या पुढे येथे यावे, आणि दुरून प्रथम पाण्यावर कोणी गुलाबी कापड वाळत घातले आहे असे वाटावे. जवळ गेल्यावर त्या कापडाला पाय फुटतात.

हे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. येथे त्यांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंचीचा, फिकट, काळ्या टोकाची गुलाबी चोच असलेला. लहान रोहित तीन फुटांच्या आत, अधिक गडद, चोच काळपट तांबडी. संख्येने लहान रोहित फार अधिक. त्यांचा रंग जन्मजात नसतो. पिल्ले करडी असतात. शेवाळ आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव खाऊन, त्यातील रंगद्रव्य पिसांत उतरून ती गुलाबी होतात. गाजराला जो रंग देतात त्याच कुळातील ही द्रव्ये. थव्यात मळकट करड्या रंगाचे पक्षी दिसले तर ते आजारी नव्हेत, लहान आहेत. खाताना रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर फेकतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत अन्न गाळून ठेवतो. गाळणी उलटी धरून चहा गाळणारा हा एकटाच, असे आमच्यातील एका विद्यार्थिनीने म्हटले होते. आम्हांस ते वर्णन कोणत्याही पुस्तकापेक्षा बरे वाटले.

मुंबईच्या खाडीत रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकापासून, प्रथम शिवडीला. आता एखाद्या चांगल्या हंगामात त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. गुजरातेत कच्छच्या रणात त्यांची वीण होते. चिखलाचे बुटके उंचवटे करून त्यावर मादी एकच अंडे घालते. नोव्हेंबरपासून ते इकडे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडाशी बहुतेक परततात. १८८३ पासून काम करीत असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अलीकडे काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसविली, त्यातून गुजरात आणि मुंबई यांच्यातील ही ये-जा स्पष्ट झाली.

येथे एक गैरसोयीची गोष्टही सांगितली पाहिजे. शहराच्या सांडपाण्याने खाडीत नत्र आणि स्फुरद वाढले, त्यावर शेवाळ वाढले आणि त्या शेवाळावर रोहित वाढले. पक्षी आले म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे समजणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा. रोहित ज्यावर जगतो त्यावर मासा जगेलच असे नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. अभयारण्य ऐरोली ते वाशी असताना वाशीच्या दक्षिणेला असलेल्या या तळ्यात पक्षी का येतात? उत्तर सकाळच्या निवट्यांपाशीच आहे. रोहित चरतो तो ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर आणि घोटाभर पाण्यात. भरती चढू लागली की चिखल बुडतो. भांगाच्या दिवसांत काही काठ उघडे राहतात आणि पक्षी तेथेच तग धरतात. उधाणाच्या दिवसांत मात्र सारे बुडते. पाय कितीही लांब असले तरी पाच मीटर पाण्यात उभे राहता येत नाही. तेव्हा त्यांना चार-पाच तास उभे राहावयास उथळ, मोकळी, आडोशाची जागा लागते. नेरूळची तळी ती जागा पुरवितात. म्हणजे या पक्ष्याला एकाच दिवशी दोन घरे लागतात, एक चरावयाचे आणि एक टेकावयाचे. आपण कायद्याने पहिल्याला कुंपण घातले. दुसरे कुंपणाबाहेर राहिले.

बाहेर राहिल्याचे परिणामही झाले. यांतील काही पाणथळ जमिनीवर गोल्फ मैदान आणि निवासी इमारती उभारण्याचा घाट घातला गेला. नागरिक न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जमीनवापरातील तो बदल रद्द केला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. खारफुटीच्या तोडीवर तर उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली होती. परंतु तळे मारावयास झाड तोडावे लागत नाही, इमारतही बांधावी लागत नाही. खाडीचे पाणी ज्या वाटांनी आत येते त्या बुजल्या की पुरे. डीपीएस तळ्याचे असेच झाले. पाणी येईनासे झाले आणि तळे आटत गेले. एप्रिल २०२४ मध्ये या परिसरात काही रोहित मेलेले आढळले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला धडकून ३९ रोहित मेले. ती बुद्ध पौर्णिमेच्या तीन दिवस आधीची रात्र होती. पौर्णिमेच्या सभेत आम्ही पक्ष्यांसाठी दोन मिनिटे मौन पाळले, तेव्हा एका लहान मुलाने विचारले की, ते रात्री कोठे चालले होते? आम्हांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

पुढे शासनाने नेमलेल्या समितीने तळ्यात भरतीचे पाणी पुन्हा खेळू द्यावे, असे सुचविले. आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. शहरातील पक्षिप्रेमींनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, काठावर उभे राहून, अर्ज लिहून आणि छायाचित्रे काढून जे वर्षानुवर्षे मागितले, त्याचे हे फळ. कागदावरील दर्जा आणि नळातील पाणी या दोन गोष्टी आहेत, हे मात्र काठावर नियमित येणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून येथे पोहोचल्यावर आम्ही मुलांना पक्षी मोजावयास सांगण्याआधी पाणी आत येण्याची वाट शोधावयास सांगतो. पाणी वाहते आहे का, कोणत्या दिशेने, कचरा अडकला आहे का. हे पाहणे कंटाळवाणे असते. तथापि रोहितांची सगळी गोष्ट त्या वाटेत आहे.

तळ्याच्या काठी सावलीत बसून आम्ही एका जुन्या आज्ञेची गोष्ट सांगतो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर एक स्तंभलेख कोरविला. आज तो दिल्लीत आणून उभारलेल्या टोपरा स्तंभावरही वाचता येतो. त्यात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे, पोपट, मैना, चक्रवाक, हंस अशी. यादी सर्वांना आवडते. आम्हांस त्यातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत. आणि त्या दिवसांत हत्तींच्या वनात व कोळ्यांच्या राखीव जलक्षेत्रात इतर प्राण्यांचीही हत्या करू नये, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे केवळ कोणता जीव एवढेच नव्हे, तर कोणता दिवस आणि कोणती जागा, याचा विचार त्या आज्ञेत आहे. भगवान बुद्धांनी भिक्षूंना वर्षावासात एका जागी राहावयास सांगितले, त्यामागेही हिरवे कोंब आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडविले जाऊ नयेत, हे कारण विनयात नोंदलेले आहे. पहिले शील मुले रोज म्हणतात. आपण कोणाला मारीत नाही, मग आपला काय संबंध, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. बुजलेली वाट पाहिल्यावर तो प्रश्न त्यांना थोडा अवघड वाटू लागतो, आणि आम्ही तो सोपा करून देत नाही.

पालकांसाठी दोन व्यावहारिक सूचना. उजळ रंगाचे कपडे टाळावेत आणि काठापासून दूर उभे राहावे. थवा एकदा उडाला की भरतीच्या वेळी त्याला दुसरी जागा सहज मिळत नाही. आणि कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकू नयेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तळलेले बेसन चारणे म्हणजे दान नव्हे.

तळ्यात रोहितांखेरीज शेकाटे, पाणटिवळे, बगळे, कधी चित्रबलाक असतात. सारे एका दिशेला तोंड करून, वाऱ्याकडे, बहुतेक एका पायावर उभे. दुपारी दोननंतर थव्यात कुजबुज सुरू होते. ती रोहितांची घोगरी, बदकांसारखी बोली. काही पक्षी चालू लागतात, माना वर करतात, डावीकडे-उजवीकडे वळवितात. मग पाण्यावर धावत एक रांग उठते, आणि पंख उघडताच आतापर्यंत झाकलेला लाल आणि काळा रंग एकदम दिसतो. एका रांगेमागून दुसरी. खाडीच्या अंगाला चिखलाचा पहिला काठ उघडा पडला आहे, हे त्यांना आपल्याआधी कळलेले असते.

गेल्या माघ पौर्णिमेला पहिली रांग तीन वाजून दहा मिनिटांनी उठली. वहीत नोंद करणाऱ्या मुलाने बोटांवर हिशेब केला आणि विचारले की, मग अष्टमीला हे येथे येणारच नाहीत का? आम्ही त्याला तिथी मोजून पाहावयास सांगितले. सीवूड्सच्या फलाटावर गाडी येईपर्यंत तो आणि त्याचे दोन मित्र ते मोजीत होते.